सत्यभामेच्या गालाची हळद

आमच्या भावकीत मुलीच्या अंगाची हळद मुलीनंच आईच्या गालाला लावायची रीत आहे. आईनं तोंड फिरवलं तर अपशकुन. माझी धाकटी जाऊ सत्यभामा त्याच घडीला घाबरत होती.

दोन वर्षांपासून तिच्या उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची. वारा लागला, चूळ भरली, कुणी कुंकू लावायला हात पुढं केला, की ही मटकन खालीच बसायची. दातदुखी समजून आधी दोन चांगल्या दाढा काढून झाल्या. शेवटी अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस दुखतेय. गोळ्यांनी बराच आराम पडला. पण तिच्या लेकीचं, मोहिनीचं लग्न ठरलं आणि कळा पुन्हा वाढल्या.

"झोप लागते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"लेकीचं लगीन हाय सायेब, झोप कशी लागंल?"

"मग गोळी एकटी काय करणार? झोप उडाली, काळजी वाढली, की हे दुखणं चेकाळतं. आणि दुखलं की पुन्हा झोप उडते."

घरी आल्या आल्या मी तिच्या कमरेची कोठीची किल्ली काढून माझ्या कमरेला खोवली. "गूळ, तेल, पाव्हणे, समदं आता माझ्याकडं. तू येळेवर गोळी घ्यायची आन् पडायचं."

"अक्का, लोक काय म्हणतील?"

लोक म्हणालेच. "लगीनघरात आई कशापायी झोपली? थोरलीनं कारभार बळकावला जणू," असं आमची नणंद सुभद्राबाई चारचौघीत बोलली. माझं डोकं असं तापलं! पण गिळलं सगळं आणि सत्यभामेच्या दाराशी गहू निवडत बसले. आधी ती नुसती आढ्याकडं बघत पडायची. मग एका दुपारी चक्क घोरायला लागली आणि मला रडूच आलं. कळा बंद झाल्या नाहीत, पण विरळ झाल्या. भाकरी कुस्करून न खाता चावून खाऊ लागली.

हळदीच्या दिवशी मोहिनीनं जपून आईच्या डाव्या गालाकडं हात नेला.

"न्हाई," सत्यभामा म्हणाली. डोळे गच्च मिटून तिनं लेकीचं बोट धरलं आणि उजव्या गालावर टेकवलं. तिला सावरायला मी पुढं सरकले.

कळ आली नाही.

"पुरा हात लाव की गं," ती म्हणाली.

मोहिनीनं पुरा तळवा लावला आणि दोघी हमसून रडल्या. मीही रडले. मग उरलेली हळद घेतली आणि सुभद्राबाईच्या तोंडाला फासली.