सहा पन्नासची बस

बायको गेली त्या मंगळवारी आमदार सभागृहात पुलावर बोलत होते.

ऑपरेशन साधं होतं, पित्ताशयातल्या खड्यांचं. "संध्याकाळी येतोच," असं सांगून ते सकाळी निघाले होते. सभागृहात फोन नेता येत नाही. भाषण नुकतंच सुरू झालं होतं, तेवढ्यात शिपायानं हातात चिठ्ठी दिली. भाषणाच्या मध्ये येणारी चिठ्ठी पक्षाच्या प्रतोदाची असते आणि तिच्यात एकच शब्द असतो: आवरा. नवे सदस्य ती उघडतात आणि गडबडतात. जुने न वाचता खिशात टाकतात. आमदारांची अकरा वर्षं झाली होती. त्यांनी चिठ्ठी खिशात टाकली आणि आवाज चढवला.

ते अडतीस मिनिटं बोलले. बाकं वाजली. बाहेर येऊन घाम पुसायला रुमाल काढला, तर सोबत चिठ्ठी निघाली. अक्षर बाहेर फोन सांभाळत बसलेल्या त्यांच्या सहायकाचं होतं. 'वहिनींना आत नेतायत. दोन मिनिटं बोलायचं म्हणतायत.'

त्यांनी फोन लावला. मेहुणीनं उचलला. भूल दिल्यावर थोड्याच वेळात हृदय थांबलं होतं.

त्या भाषणानं पूल मंजूर झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी बाईंबद्दल दोन शब्द बोलायचा आणि मग पुलावर यायचा. "पण साहेब, भाषण काय झालं!" आमदार मान हलवायचे. लोकांचं तरी काय चुकलं? नदीपलीकडची माणसं वीस वर्षं तो पूल मागत होती.

सहायकाचं नाव सगळ्यांनी बारीकराव पाडलं होतं, कारण तो काठीसारखा होता आणि अक्षरही तसंच काढायचा. पाच वर्षांच्या कामांची पुस्तिका तो तयार करत होता. एके सकाळी त्यानं पहिलं पान पुढं ठेवलं. वर आमदारांचा त्या दिवशी बोलतानाचा फोटो, खाली भाषणातला उतारा, त्याखाली तारीख.

"तारीख काढ," आमदार म्हणाले.

"साहेब, तारीख असली की वजन येतं."

"काढ म्हटलं ना."

बारीकरावानं काढली. पण फोटोत त्यांचा एक हात खिशाजवळ होता आणि तो काढता येत नव्हता.

तिला काय बोलायचं होतं, हे आमदारांनी दीड महिना कुणाला विचारलं नाही. काय असेल ते असेल, आपल्याला झेपणार नाही असं त्यांना वाटायचं. मेहुणी दर रविवारी यायची, बहिणीच्या कपाटातलं थोडं थोडं आवरून जायची. त्या रविवारी ते दारात उभे राहिले.

"तिला काय सांगायचं होतं मला?"

"काही नाही हो भाऊजी. सहजच."

"सहजच कुणी सभागृहात फोन करतं?"

मेहुणी साडीच्या घडीवर हात फिरवत राहिली. "ऐकाल तर हसाल. आणि मग मलाच बोल लावाल, आधी का नाही सांगितलं म्हणून."

"सांग तरी."

"बसचं म्हणाली. पत्र लिहून टेबलाच्या खणात ठेवलंय, ह्यांची सही तेवढी राहिलीये, शुक्रवारच्या आत डेपोत जायला हवं. माझ्यावर ओरडले तरी चालेल म्हणाली, पण आत्ताच सांगते, नाहीतर भुलीत विसरून जाईन."

आमदार खरंच हसले. मग भिंतीला टेकून खाली बसले. आपल्यासाठी एखादा शब्द असेल, अशी त्यांची आशा होती.

आमदारांची वाट बघणाऱ्या लोकांना ती रोज सकाळी बाहेरच्या खोलीत बसवायची. त्यांचं ऐकून घ्यायची, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायची. शिलाई कारखान्यातल्या बायका तिच्याकडेच यायच्या. कारखाना सातला सुटायचा आणि वस्तीकडे जाणारी शेवटची बस सहा पन्नासला निघायची. बायका पाच किलोमीटर चालत जायच्या. "वीस मिनिटं उशिरा सोडा म्हणावं, एवढंच आहे," असं तिनं दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा आमदार म्हणाले होते, "एवढ्याशा कामाला आमदार कशाला लागतो? माझ्या डोक्यात पूल आहे. मध्ये मध्ये बस घुसवू नकोस."

पत्र खणात होतं. सात ओळी. त्यांनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः डेपोत गेले.

डेपो मॅनेजर खुर्चीतून उठला, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि पत्र वाचलं. "अगदी साधं काम आहे, साहेब."

"मग करा."

"वेळापत्रक सहा महिन्यांनी एकदा ठरतं. त्या शुक्रवारी ठरलं. बाई दोनदा येऊन गेल्या होत्या. मीच म्हटलं होतं, साहेबांच्या सहीचं आणा, लगेच करतो."

"आता मध्येच बदला. मी सांगतोय ना!"

"परवा निवडणूक जाहीर झाली, साहेब. आचारसंहितेत आता कुठलाच बदल करता येत नाही."

"मी आमदार आहे हो इथला."

"म्हणून तर," मॅनेजर म्हणाला. टोमणा मारण्याचा त्याचा हेतू नव्हता. त्यानं पत्रावर पोचेचा शिक्का मारून दिला.

परतताना आमदारांनी गाडी कारखान्याच्या फाटकापाशी थांबवली. सात वाजले. बायका बाहेर आल्या, चपला घट्ट केल्या आणि ट्रकांना वाट देत रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. एक पोक्त बाई थांबली.

"तुम्ही वहिनींचे ना?"

एरवी लोक तिला आमदारांची बायको म्हणून ओळखायचे. "हो," ते म्हणाले.

"त्या म्हणाल्या होत्या, ह्यांच्या कानावर घालते. घातलं होतं का?"

"घातलं होतं. मीच केलं नाही."

मागून एक तरुण मुलगी ओरडली, "मावशी, विचार ना, नव्या पुलावरून बस जाईल का म्हणून!"

"जाईल," आमदार म्हणाले. "दोन वर्षं लागतील."

"तोवर चालतो," बाई म्हणाली. "पाय काय, घरचेच आहेत." आणि ती बाकीच्यांना गाठायला भराभर निघाली. आमदारांना सोडायला येतो म्हणायचं होतं. पण गाडीत चार जणी बसल्या असत्या आणि समोर दीडशे होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बारीकरावाला शेवटच्या पानावर मथळा घालायला लावला: न झालेली कामं.

"असं कुणी छापतं का साहेब? विरोधक आयतं घेतील. 'प्रगतिपथावर' लिहू या."

"प्रगती कुठंय त्यात?"

"निदान पूल तरी मोठ्या अक्षरात…"

"पूल पहिल्या पानावर आहे. तो लोकांना हवाच होता, राहू दे. इथं बसचं लिही. कुणामुळं राहिलं तेही लिही."

बारीकरावानं लिहिलं. 'आमदारांची सही वेळेत न झाल्यामुळं' हे शब्द लिहिताना त्याचं अक्षर आणखी बारीक झालं. आमदारांनी ते पुन्हा मोठं लिहायला लावलं.

पुस्तिका वाटून झाली. मतदान पुढच्या महिन्यात आहे. नवं वेळापत्रक त्यानंतर चार महिन्यांनी ठरेल, तेव्हा इथं आमदार कोण असेल ते सांगता येत नाही. बसची वेळ बदलायची राहिली आहे.