मुंजाबाच्या पिकअपचं टायमिंग

मुंजाबाला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. त्याच्या पिकअपला फकिरा मिस्त्रीच्या गॅरेजात येऊन एकेचाळीस. इंजिनाची टायमिंग चेन बदलायला मुंजाबाने स्वतः गाडी आणून सोडली होती आणि "बुधवारी नेतो" म्हणाला होता. कोणत्या बुधवारी, ते मिस्त्रीने विचारलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या हिशेबी उशीर असा काही झालेलाच नव्हता.

न्यायला आली ती म्हाळसा, मुंजाबाची थोरली मुलगी. ती बजाजनगरात राहायची आणि वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. आज रजा टाकून आली होती. वेरूळजवळ तात्यासाहेबांच्या वावरात तिच्या आईने खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. उद्या सकाळी वावराला पाणी सुटणार होतं, म्हणजे आज वावर मोकळं करणं भाग होतं. विण्याला आलेल्या दोन सोडून बाकीच्या मोठ्या मेंढ्या भाऊ बिरूने पहाटेच वैजापूरच्या रस्त्याला लावल्या होत्या. पण या आठवड्यात अकरा कोकरं झाली होती आणि आठवड्याचं कोकरू एवढं चालत नाही. दरवर्षी कोकरं पिकअपमधून जात. दुसरी गाडी बघावी तर विद्यापीठाच्या नामांतरावरून शहरभर बंदोबस्त लागलेला. भाड्याने गाडी द्यायला कोणी तयार नव्हतं.

"गाडी तयार हाय," फकिरा म्हणाला. "फक्त चालू होत नाय."

त्याने चावी फिरवली. इंजिन घरघरलं, थांबलं आणि सायलेन्सरमधून एक दणदणीत बार निघाला. कोपऱ्यावरचा हवालदार काठी घेऊन आत आला.

"बार कुणी काढला?"

"गाडीनं, साहेब. टायमिंग चुकलंय तिचं."

"आजच बरं चुकलं." हवालदाराने गाडीभोवती एक फेरी मारली. "आणखी एक आवाज आला तर गाडी अन् तू, दोघंबी चौकीत."

गाडी चौकीत कशी नेणार, हे फकिराने विचारलं नाही. हवालदार एका जुन्या टायरवर बसून गाडीवर लक्ष ठेवू लागला.

चेन बदलली की इंजिनाचा आणि ठिणगीचा मेळ नव्याने बसवावा लागतो. डेल्को नावाची डबी चार प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटते. तिच्यातून चार वायरी निघतात. फकिराने त्या नेहमीसारख्या लावल्या होत्या.

"पन्नास गाड्या बसवल्या असतील मी," तो म्हणाला. "पहिली वायर रेडिएटरकडंच येती."

"आबांनी डबीवर खूण केली होती. मेंढ्यांना लावायच्या लाल रंगाची."

"ती व्हय? लई घाण होती. रॉकेलनं धुतली समदी. बघा कशी चकचकीत झाली."

म्हाळसाने वाकून बघितलं. डबी खरंच चकचकीत झाली होती.

"छान झालीय," ती म्हणाली.

मुंजाबाला आकडे वाचता येत नव्हते. ठिणगीचा एक-तीन-चार-दोन हा क्रम त्याने कधी पाठ केला नाही. त्याने वायरींना मेंढ्यांची नावं दिली होती. काळीमागं बांडी, बांडीमागं शिंगी, शिंगीमागं भुरी. हा क्रम म्हाळसाला झोपेतही सांगता आला असता. पण काळी कुठून निघायची, ते लाल ठिपका सांगायचा, आणि ठिपका आता रॉकेलच्या डब्यात होता.

"पहिला प्लग काढा," ती म्हणाली. "अन् हँडल तुम्ही मारा."

तिने साडीचा पदर खोचला आणि प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला. हे काम नऊ वर्षांची असल्यापासून तिचंच होतं. फकिराने सावकाश हँडल फिरवलं. आधी अंगठा किंचित आत ओढला गेला. मग काही नाही. मग आतली हवा दाबली जाऊ लागली आणि त्या हवेने अंगठा एकदम जोराने वर ढकलला.



"थांबू का?" फकिराने विचारलं.

"हां. थांबा. आता काळीची पाळी आली. पुलीवरची खूण जुळवा."

खूण जुळली. फकिराने डेल्कोचं टोपण उघडलं. आतला काटा रेडिएटरकडे नव्हता. तो ड्रायव्हरच्या सीटकडे तोंड करून उभा होता.

"ह्यो तिकडं काय बघतोय?"

"काळी तिकडून निघते."

फकिराने डोकं खाजवलं. "मुंजाबाभाऊनं डबीच एक घर फिरवून बसवली अन् वायरीबी तशाच फिरवल्या. चूक हाय ताई ही. उद्या दुपारपर्यंत समदं काढून बरोबर बसवून देतो."

"आज नुसत्या वायरी फिरवा."

"रस्त्यात बिघडली तर कुण्या मिस्त्रीला कळायचं नाय."

"मला कळेल."

वायरी एक घर सरकल्या. दुसऱ्याच चावीला इंजिन चालू झालं. हवालदार बार निघायची वाट बघत अर्धवट उठला होता, तो परत बसला. फकिरा डबी किंचित पुढेमागे फिरवत आवाज ऐकू लागला. आवाज टणक झाला तसा त्याने पाना उचलला.

"अजून जरा मागं," म्हाळसा म्हणाली.

"पुस्तकात इथंच हाय."

"दौलताबादच्या घाटात भरल्या गाडीचं इंजिन ठोके मारतं. आबा मागंच ठेवायचे."

फकिराने डबी मागे फिरवली. आवाज खाली उतरला, जरा घोगरा झाला. म्हाळसाने मान हलवली. त्याने नट आवळला.

वेरूळला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. वावर अजून लांब होतं तेवढ्यात बांधावरून दोन कुत्री शेपट्या हलवत धावत आली आणि थेट ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहिली. म्हाळसाने इंजिन बंद केलं. दार उघडायला तिला थोडा वेळ लागला. ती उतरली. कुत्र्यांनी तिचे पाय हुंगले, सीट हुंगली आणि तिच्यामागून आणखी कोणी उतरतं का ते बघत थांबली.

तिची आई बानाबाई कोकरू काखेला मारून आली. गाडीचा तो ओळखीचा आवाज तिनेही ऐकला होता. ती धावली नव्हती, एवढंच.

"तेरा झाली," ती मुलीला म्हणाली. "दोन अजून ओली हायती. ती पुढं सीटवर घे, त्यांच्या आया मागं चढवू."

"बरं."

बानाबाई गाडीकडे बघत राहिली. "इंजिन कशाला बंद केलंस?"

"भरायला वेळ लागेल, आई."

"लागू दे. राहू दे चालू."

पेट्रोल जळेल, असं म्हाळसा म्हणाली नाही. ती परत वर चढली आणि चावी फिरवली. मग दोघी एकेक कोकरू उचलून आणत राहिल्या. बानाबाईला नेहमीपेक्षा पुष्कळच वेळ लागत होता.