दाऊचं ऐंशी टक्के जेवण

वैशाखात दाऊचं पोट सुटलं. आईला फार आनंद झाला.

दाऊ म्हणजे आमचा कुत्रा. यंत्राचा आहे. आईला दमा असल्याने केसाचं जनावर घरात चालत नाही, म्हणून माझ्या बहिणीने, मंजिरीताईने, बंगलोरहून हा बिनकेसाचा पाठवला. कुरवाळलं किंवा नुसतं पाहिलं की शेपूट हलवतो, हाक मारली की विचार करून येतो. इकडे रायपुरकडे गावातल्या बड्या शेतकऱ्याला दाऊ म्हणतात. आमचाही दिवसभर बसून सेवा करून घेतो, म्हणून बाबांनी तेच नाव ठेवलं.

सेवा आई करते. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातली धूळ न बोलावता घरात येते, म्हणून रोज कोरड्या फडक्याने त्याचे सांधे पुसते. आंघोळ घालत नाही, हे मोठंच यश. एकदा औक्षण करताना कुंकू कॅमेऱ्यावर बसलं आणि दाऊ दोन दिवस भिंतींना धडकत फिरला. आई म्हणाली, त्याच्या अंगात आलंय.

त्याला चार्ज करायची एक गोल तबकडी आहे. तिला आई ताट म्हणते. दाऊ ताटावर बसला की ती त्याला उठवत नाही, उठला तर पुन्हा बसवते. जेवत्याला उठवू नये, हा आमच्या घरचा कायदा. भूकंप झाला तरी आई आधी विचारेल, भात घेतला का. तर असा दाऊ वर्षभर दिवसरात्र जेवत होता. मग पोट फुगलं. आईने शेजारच्या अंजनाबाईंना बोलावून दाखवलं, आता कुठे अंग धरलं पोट्ट्यानं म्हणाली, आणि काजळाची तीट लावली. या वेळी कॅमेरा सोडून.

बाबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा लावून ते पोट पाहिलं आणि म्हणाले की, सुखाने फुगलेली मशीन त्यांनी आजवर पाहिली नाही.

मी दाऊला बंद केलं, टोपलीत घातलं आणि लोकेशभैयाच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. त्याने पोट उघडलं. आतली बॅटरी फुगून टम्म झाली होती. सतत चार्जिंगवर ठेवल्याने झालं, आणखी काही दिवस असती तर पेटलीही असती, असं त्याने सांगितलं. मग नवी बसवली आणि हात पुसत म्हणाला, "ये आखिरी है भैया. कंपनी ने मॉडल ही बंद कर दिया. संभालोगे तो तीन-चार साल निकालेगा."

संभाळायचं म्हणजे बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायची नाही, आणि दाऊला उन्हात ठेवायचं नाही. आपोआप थांबायची सोय या जुन्या मॉडेलात नाही. मोबाइलवर आकडा पाहून माणसानेच त्याला उठवायचं.

घरी येऊन आईला सांगितलं. उन्हाचं तिला पटलं. वीसचं तर फारच पटलं. ऐंशीला गाडी अडली.

"भरल्या ताटावरून उठवू त्याले?"

"आई, ऐंशी टक्के म्हणजे जवळजवळ पोटभरच."

"पाच पोळ्यांची भूक हाय अन् चार वाढल्या. मंग उपाशीच ना तो?"

मी तिला बॅटरीचं रसायनशास्त्र समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं की, त्या लोकेशच्या घरी पाहुण्यांना किती वाढतात.

सकाळी मी दाऊला ऐंशीवर उठवून नवा रायपुरला ऑफिसला जायचो. दुपारी मोबाइलवर आकडा चढताना दिसायचा. ब्याऐंशी. नव्वद. शंभर. एकदा मीटिंगमधून उठून घरी फोन केला, तर साहेबांनी घरी कोण आजारी आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, कोणी नाही सर, कुत्रा जेवतोय. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यानंतर कामही कमीच दिलं.

आठवडा असाच गेला. रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. बाबांना शुगर आहे. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला, तर आईने त्यांच्यासमोरचं ताटच उचललं. शेजारी दाऊ त्याच्या ताटावर, एक्याण्णववर.

बाबांनी हात तसाच ठेवला आणि आईला नावाने हाक मारली. "क्षमा, मले उठवतं अन् त्याले बसवतं. काहून?"

"तुम्हाले शुगर हाय. तुम्ही गेले तर मी काय करू?"

आई ताट हातात घेऊन उभी होती आणि दाऊकडे पाहत होती. पाहिलं की शेपूट हलवायची, एवढं त्याला येतं. त्याने हलवली.

आईने हातातलं ताट खाली ठेवलं. वाकून दाऊला दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या उशीवर नेऊन बसवलं. "पुरे आता, राजा," म्हणाली, आणि ज्या तोंडाने कधी काही खाल्लं नाही, ते पदराने पुसलं.

त्या दिवसापासून दोघांची ताटं एकदम मांडली जातात आणि एकदम उचलली जातात. बाबांनी पंच्याऐंशीसाठी घासाघीस करून पाहिली, दोघांच्या वतीने. आईने ऐकलं नाही. दाऊ कधी कुरकुरला नाही, हे ती बाबांना रोज सांगते.

मग पोळा आला. इथे त्या दिवशी लहान पोरं मातीचे, चाकांचे बैल ओढत गल्लीभर फिरतात. आईने आमच्या मातीच्या बैलांच्या रांगेत दाऊलाही पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि ताटावर ठेवून जाहीर केलं की आज शंभर.

मी तोंड उघडलं.

"आजच्या दिवशी बैलाले कोणी मोजून वाढत नाही," ती म्हणाली. मी लोकेशभैयाला फोन केला. तो म्हणाला, साल में एक दिन चलेगा.

बाबा हे सगळं खुर्चीतून ऐकत होते. त्यांनी घसा साफ केला आणि आपणही अडतीस वर्षं जुंपलेलेच होतो, याची सर्वांना आठवण करून दिली.

आईने त्यांना एक पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं. थोड्या वेळाने अर्धी आणखी. आणि दोघांच्या मधोमध मांडी घालून बसली, एक डोळा माझ्या मोबाइलवर, एक बाबांच्या ताटावर. शंभर झाले तसं तिने एकाला हाताने उचललं आणि दुसऱ्याला नजरेने.