दोन मजिगी

माझे वडील साताऱ्याला मोजणी खात्यात होते, त्यामुळे जमिनीच्या मापांत मला कुणी शिकवू नये असा माझा तोरा होता. एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. बाकीची पोरं पाढे घोकायची तेव्हा मी हे घोकायचो. आयर्लंडात लिक्सलिपला आल्यावरही कुणाला हेक्टरचे एकर करायचे असले की मी आधी तोंड उघडायचो आणि मग विचार करायचो. उर्मिला, माझी बायको, म्हणायची की एक दिवस ही खोड महागात पडेल. बायका असं म्हणतातच, म्हणून मी हसून सोडून दिलं.

२०२१च्या जानेवारीत आमचा शेजारी सोंगमिन डब्लिनच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होता. तो कोरियाचा, चिपच्या कारखान्यात माझ्याच टीममध्ये. त्याची बायको ईफा इथलीच, मलिंगारची. भेटायला बंदी होती. रोज दोनदा नर्सचा फोन यायचा, तेवढ्यावर ती दिवस काढत होती.

एका दुपारी तिने बागेच्या भिंतीपलीकडून मला हाक मारली.

"गिरीश, तुला जमिनीची मापं कळतात ना?"

सोंगमिनच्या थोरल्या भावाचा मेसेज आला होता. वडिलांचं माळावरचं शेत भावाच्या नावावर होतं आणि तो ते विकत होता. शेत पाच मजिगी, हे तिकडचं जमिनीचं माप. वरच्या बांधापासून किती मजिगी तुमच्यासाठी ठेवू, शुक्रवारपर्यंत आकडा कळवा, असं त्याने विचारलं होतं.

"मला जमीन नको रे," ईफा म्हणाली. "मला तिसरं झाड हवंय."

मग तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती, सातव्या महिन्यात, मेलेलीच. तिची राख सोंगमिनने स्वतः त्या शेतात पुरली, बांधापासून तिसऱ्या पर्सिमनच्या झाडाखाली. वर दगडसुद्धा ठेवला नाही. सासरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कधी सांगायचं नाही असं वचन त्याने तिच्याकडून घेतलं होतं. झाडाचं नाव काढलं असतं तर भावाने कारण विचारलं असतं. सोंगमिनला विचारावं तर तो शुद्धीत नव्हता.

झाड बांधापासून दीडशे फुटांवर आहे आणि शेत सत्तर फूट रुंद, एवढं तिला पक्कं माहीत होतं. त्या दोघांनी टेप लावून मोजलं होतं.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर उत्साहही आला. इतके दिवस त्या घरासाठी सूप नेऊन देण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. मी मोबाइल काढला. एक मजिगी म्हणजे दोनशे प्योंग, एक प्योंग म्हणजे साडेपस्तीस चौरस फुटांच्या थोडं वर. म्हणजे मजिगीला सात हजार एकशे सतरा. झाडापर्यंत लागत होते साडेदहा हजार.

"दोन मजिगी सांग," मी म्हणालो. "झाडाच्या पुढेही पन्नास फूट राहतील."

"नक्की?"

"अगं, माप ते माप. त्यात काय चुकायचंय?"

"ग्रँड," ती म्हणाली आणि माझ्यासमोरच भावाला मेसेज केला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोंगमिनला वॉर्डमध्ये हलवलं. त्याच दिवशी भावाचा निरोप आला. ईफाने तो मला आनंदाने दाखवला: तुमच्यासाठी दोनशे प्योंग ठेवले, उरलेल्या जागेचा ताबा महिनाअखेर देणार.

दोन मजिगीचे चारशे व्हायला हवे होते. मी घरी येऊन शोधलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. मजिगी म्हणजे एक माप बियाणं जेवढ्या जमिनीत पेरता येईल तेवढी जमीन. भातखाचराची साधारण दोनशे प्योंग धरतात, माळाची शंभर. गावोगावी आणखी फरक. मला हे सुचलंच नव्हतं. आमच्याकडे जिरायत असो की बागायत, गुंठा बदलत नाही. मी भातखाचराचा हिशोब माळाला लावला होता.

उर्मिला म्हणाली, "आत्ता जा आणि सांग. अजून ताबा दिलेला नाही."

मी म्हणालो, तो आत्ता कुठे स्वतःच्या श्वासावर आलाय, घरी येऊ दे. हे मी त्याच्या काळजीने म्हणालो असं तेव्हा मला वाटत होतं. खरं म्हणजे मला ईफाच्या तोंडावरचं हसू जाताना बघायचं नव्हतं. मी भित्रा निघालो, दुसरं काही नाही. असे चार आठवडे गेले.

एप्रिलमध्ये सोंगमिन घरी आला. बागेत खुर्ची टाकून बसायचा, अंगावर कपडे लोंबायचे. मी आता सांगायचंच असं ठरवून गेलो, तर तोच आधी बोलला.

"ईफाने सांगितलं तू काय केलंस ते. मी तिथे पडलो होतो, आणि तू माझ्या मुलीची जागा वाचवलीस."

मी सगळं सांगून टाकलं. माळ, भातखाचर, शंभर, दोनशे. चार आठवडे गप्प बसलो, तेही.

त्याने मान खाली घातली आणि मनात भागाकार केला. इंजिनियरच तो.

"शंभर फूट," तो म्हणाला. "ती पन्नास फूट बाहेर."

"भावाला फोन कर. मी बोलतो त्याच्याशी. चूक माझी आहे."

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. सकाळीच भावाने फोटो पाठवला होता. वर दोन झाडं, त्यांच्या खाली नवं कुंपण. कुंपणापलीकडे सगळी माती उकरून सपाट केलेली आणि पॉलिहाउसचे लोखंडी खांब रोवलेले.

"मला वाटलं, हा खालच्या टोकाचा फोटो आहे, तिसरं झाड याच्याही वर असेल," तो म्हणाला.

आतून ईफाने विचारलं, गिरीश चहा घेणार का.

सोंगमिनने मोबाइल खाली ठेवला. "तिला तू सांग," तो म्हणाला. "मला अजून एका दमात एवढं बोलता येत नाही."