एकवीस पॉइंट सहा

विजयश्रीनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि काळ्या डबीच्या काचेवरून हलकेच फिरवला. बोळा पांढराच निघायला हवा होता. तो पिवळसर निघाला.

ती खिडकीपाशी गेली. ताथवड्यातल्या कॉलेजच्या चौथ्या मजल्यावर सकाळी चांगलं ऊन येतं, तेवढं एक सुख. उन्हात तिनं बोळा उलटासुलटा करून पाहिला, दुसरा घेतला, काचेच्या कडेनं फिरवला. तोही पिवळा. मग ती बेसिनपाशी गेली आणि हात धुवायच्या साबणाचा एक थेंब त्या पिवळ्यावर सोडला. डाग लाल झाला.

"हळद," ती स्वतःशीच पण मोठ्यानं म्हणाली.

साबण लागून लाल झालेला हळदीचा डाग ओळखायला मटेरियल सायन्समधली डॉक्टरेट लागत नाही. ज्या घरात पांढरा शर्ट आणि वरणभात एकत्र नांदतात, त्या घरातलं शेंबडं पोरही तो ओळखतं. विजयश्री मात्र आठ दिवस ग्रंथ, आलेख आणि कच्ची आकडेवारी उपसत बसली होती. आता ती स्टुलावर बसली आणि एकदम हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मी खोटं बोलले नव्हते, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं.

त्या डबीला प्रयोगशाळेत प्रमाण सेल म्हणत. दिव्याखाली कृत्रिम ऊन पाडायचं, ते खऱ्या उन्हाइतकं आहे का हे या सेलवर पाहायचं, आणि मग त्याच उन्हात आपण बनवलेला सोलर सेल ठेवून तो किती वीज देतो ते मोजायचं. वाण्याच्या तराजूतलं वजन असतं तशी ही डबी. वजनच बिघडलं तर अख्ख्या दुकानाचा हिशेब बिघडतो. हळदीच्या पातळ थरामुळे डबीला ऊन कमी दिसत होतं. विजयश्रीला वाटलं, दिवा जुना झाला, म्हणून तिनं त्याचा उजेड वाढवला. डबीचा आकडा बरोबर आला, पण तिच्या सेलवर हक्कापेक्षा जास्त ऊन पडत राहिलं. सेलनं मग सूर्यप्रकाशातली एकवीस पॉइंट सहा टक्के ऊर्जा विजेत बदलून दाखवली.

एवढ्या स्वस्तात बनलेल्या सेलचा असा आकडा देशात फारसा कुणाकडे नव्हता. शोधनिबंध छापून आला. महाळुंग्यात तिच्या आईनं, यशोदाबाईंनी, आळीभर पेढे वाटले. विजयश्री त्या गावातली पहिली पीएचडी. चाकणच्या कॉलेजात बीएस्सी, पुण्यात एमएस्सी, मग सहा वर्षं डॉक्टरेट, दोन वर्षं परदेशात. बरोबरीच्या मुलींची पोरं शाळेत जाऊ लागली तरी ही काचेच्या तुकड्यांवर सोलर सेलची शाई पसरवतेच आहे. "तुमची पोरगी करती काय नेमकं?" असं कुणी विचारलं की यशोदाबाई ताठ मानेनं सांगायच्या, "उन्हाची वीज करती."

आणि मग आठ दिवसांपूर्वी बंगळूरच्या एका प्रयोगशाळेतून मेल आली. आपण पाठवलेले सेल आम्ही मोजले, ते एकोणीस पॉइंट एक भरतात, कृपया आपली मूळ आकडेवारी पाठवाल का? भाषा अत्यंत सभ्य होती. त्या क्षेत्रात एवढ्या सभ्यपणे कुणी आकडेवारी मागितली की समजायचं, आपल्यावर संशय आहे.

त्याच दुपारी ज्ञानेश सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. प्रयोगशाळा त्यांची, ते तिचे प्रमुख. त्यांनी दार लावून घेतलं.

"विजयश्री, एकदाच विचारतो. कुठला आकडा हातानं बसवला नाहीस ना?"

ती नाही म्हणाली. पण त्या दिवसापासून सरांनी तिच्यासोबतचा अकराचा चहा बंद केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चोरी न केलेल्याच्या मनात तरी कुठे अंधार असतो? रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला वाटायचं, आपणच नकळत काही केलं असेल का? हवा होता तोच आकडा डोळ्यांनी वाचला असेल का? ताटातली भाकरी ताटातच राहायची, आणि यशोदाबाई ती गाईला घालायच्या.

आता तिच्या हातात लाल डाग पडलेला बोळा होता.

हळद आली कुठून याचा विचार करायला तिला क्षणही लागला नाही. खंडूकाका. प्रयोगशाळेचे मदतनीस, पलीकडच्या गावचे, ठेकेदाराच्या हजेरीवर असलेले. खंडेनवमीला ते जमिनीवर चादर अंथरून सगळी हत्यारं मांडायचे. पाने, स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. व्हॅक्यूम पंपाला तर हार. गेल्या वर्षी त्यांनी भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यालाही कुंकू लावलं होतं, न जाणो रागवायचं. त्यांच्या तावडीतून ही डबी तेवढी कशी सुटेल?

तिनं ओढणी सावरली, ती जवळजवळ धावतच केबिनमध्ये गेली आणि खंडूकाकांच्या पूजेचं सांगून टाकलं.

सरांनी बोळा पाहिला, डबी पाहिली, तारखा लावल्या. दसऱ्याच्या आधीची सगळी मापं एकोणिसाच्या आसपास. दसऱ्यानंतरची सगळी एकविसाच्या वर. ते खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले.

"हळद," ते म्हणाले. "आठ दिवस मला झोप नाही, आणि हळद!"

त्यांनी खंडूकाकांना हाक मारली. काका दारातच उभे राहिले. सरांनी डबी पुढे केली.

"खंडू, खंडेनवमीला हिला हळदकुंकू लावलं होतं का?"

काकांनी डबीकडे पाहिलं, मग विजयश्रीकडे, मग पुन्हा डबीकडे.

"व्हय, सर. मीच लावलं. चुकी झाली."

"अरे, काय चुकी झाली याची कल्पना आहे का तुला?" सरांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. "जा. ठेकेदाराशी बोलावं लागेल मला."

काका मान खाली घालून गेले. सर कॉम्प्युटरकडे वळले. बंगळूरला आणि शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला आजच्या आज कळवायचं होतं. विजयश्रीला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण चपलेत खडा अडकावा तसं काहीतरी टोचत होतं. ती बाहेर आली.

खंडूकाका जिन्याच्या कठड्याशी उभे होते. ते खाली रस्त्यावर लागलेल्या हिंजवडीच्या बसेसच्या रांगेकडे बघत होते.

"काका, ठेकेदाराचं मी बघते. सरांना सांगते मी. तुम्ही काही मुद्दाम केलं नाही."

"ऱ्हाऊ द्या, मॅडम."

"राहू द्या कसं? नोकरी जाईल तुमची."

"माझं काय, इथं न्हाई तर चाकणच्या येखाद्या कंपनीत फरशी पुसंन. माझं नाव कुटं छापून येतंय? तुमचं येतं." ते तिच्याकडे वळले. "तुमास्नी खरंच आठवत न्हाई व्हय?"

"काय?"

"मी तिला हात लावतच न्हाई, मॅडम. तुमीच मला पयल्या दिवशी बजावलं व्हतं, या डबीला हात लावायचा न्हाई. खंडेनवमीला तुमी सोता कपाटातनं काढली. चादरीवर मधोमध ठिवली. म्हनालात, काका, हिच्याबिगर आपलं समदं मोजमाप खोटं, पयला मान हिचा. आन् बोट लावलंत. मग गडबडीत ओढणीनं पुसली आन् ठिवून दिली. घरची पूजा खोळंबली म्हून तुमच्या आईचा फोन आल्ता."

विजयश्रीनं कठडा धरला. तिला आधी फक्त बोट आठवलं, अनामिका, आणि तिच्याखाली गार काच. मग सगळंच आठवलं.

"मग तुम्ही सरांना..."

"तुमी आठ दिवस कशा दिसत व्हता ते आमी बघितलंय. म्हटलं, आमच्या हातनं झालं म्हटलं तर कोन हसनार न्हाई. शिकल्याल्या मान्साला लई हसत्यात."

तिला लाज वाटली, खूप वाटली. हळदीची नाही. आपण एका श्वासात 'खंडूकाका' म्हणून मोकळ्या झालो, त्याची. ज्या संशयानं आठ दिवस आपला जीव खाल्ला, तोच आपण पाच मिनिटांत दुसऱ्यावर टाकून आलो होतो.

ती परत केबिनमध्ये गेली. पत्र पडद्यावर तयार होतं. सरांनी नेटकं लिहिलं होतं: प्रमाण सेलची काच प्रयोगशाळेतल्या एका कंत्राटी मदतनिसाच्या हातून अनवधानानं दूषित झाली.

"सर, हे बदलायला हवं. ती मी होते."

"तू?"

"हळद मीच लावली. पुसली पण मीच, ओढणीनं."

सरांनी कीबोर्डवरचे हात काढले.

"हे पत्र सगळीकडे फिरेल," ते म्हणाले. "परिषदांमध्ये लोक सांगत सुटतील. मदतनिसाचं नाव राहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. खंडूनं तर कबूलही केलंय. ठेकेदाराला नको कळवूया, मग तर झालं?"

"नाही, सर. तुम्ही मला विचारलं होतं, कुठला आकडा हातानं बसवलास का. आज त्याचं खरं उत्तर सापडलंय. बसवला. माझ्याच हातानं. मुद्दाम नाही, पण माझ्याच."

तिनं कीबोर्ड ओढला. मदतनिसाचा उल्लेख पुसला. तिथं खंडेनवमी काय असते ते दोन ओळींत लिहिलं, हत्यारांची पूजा का करतात तेही, आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव. शेवटी लिहिलं की आमचा सेल एकोणीस पॉइंट एकचाच आहे. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला खांदे खाली सोडता आले.

"पाठवू, सर?"

"थांब."

सर खुर्चीवरून उठले आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी तिची ओळ पुन्हा एकदा वाचली.

"त्या दिवशी नारळ कुणी फोडला होता?"

"तुम्ही."

"आणि आरती?"

"तुम्हीच म्हटली होती."

"म्हणजे मी तिथंच उभा होतो. डबी माझ्या डोळ्यांदेखत चादरीवर होती आणि मी टाळ्या वाजवत होतो."

शोधनिबंधात काम करणाऱ्याचं नाव पहिलं असतं आणि प्रमुखाचं शेवटी, असा रिवाज आहे. सर वाकले. विजयश्रीच्या नावाच्या आधी त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं, आणि पाठवायचं बटण स्वतःच दाबलं.

मग दाराकडे तोंड करून ते ओरडले, "खंडू! तीन चहा आण. तिसरा तुझा."