कलीमने मला बंद केलं ती दुपार

मी लातूरच्या क्लासवाल्या गल्लीतला जुना डिझेल जनरेटर बोलतोय. आता मी परसात उभा आहे, टाकी कोरडी आहे, आणि उद्या भंगारवाल्याची गाडी यायची आहे. म्हणून आजच बोलून घेतो.

खाजा मिस्त्रींनी सुटे भाग आणून मला जोडलं, त्याच वर्षी भूकंप झाला. मिस्त्रींनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं आणि किल्लारीकडच्या मदतछावणीत, दवाखान्याच्या तंबूमागे नेऊन उभं केलं. ऑपरेशनचा दिवा माझ्यावर चालायचा. एकोणीस दिवस मिस्त्री माझ्याजवळून हलले नाहीत.

पुढे त्यांच्या मुलाने, कलीमने, मला सांभाळलं. गावोगावच्या लेकरांना डॉक्टर व्हायचं होतं. गल्लीत क्लास आले, वसतिगृहं आली आणि वीज गेली की मला हाक येऊ लागली. शिल्पाताई चालवतात त्या मुलींच्या वसतिगृहामागे मी बारा वर्षं चाललो. कलीम माझा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखायचा. पण माझ्या धुराने मुली खोकायच्या, हेही खरं आहे.

मग छतावरच्या सोलरला सरकारने वाट करून दिली. घरांना अनुदान मिळू लागलं. नेट मीटर आला. उरलेली वीज तारेत सोडायची, लागेल तेव्हा परत घ्यायची. शिल्पाताईंनी छतभर पॅनेल बसवायचं ठरवलं, आणि वीज गेली तर असाव्यात म्हणून बॅटऱ्याही. काम मिळालं ते कलीमच्याच मुलीला, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकून आलेल्या आलियाला.

"पोटावर पाय देणारं शिक्षण मीच दिलं," माझं फिल्टर पुसताना कलीम म्हणाला. महिनाभर तो तिच्याशी धड बोलला नाही.

सोलरच्या तपासणीच्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. मी धडधडत होतो. तीनला वीज कंपनीचे साहेब येणार होते आणि वर सोलरच्या मशीनवर बिघाडाचा लाल दिवा लागला होता. दोन वाजता आलिया खाली आली. तिच्या ओढणीला घाम पुसून पुसून मळ लागला होता.

"अब्बा, कुठंतरी करंट जमिनीला जायलाय. मला सापडंना."

"तुझ्या पाट्यांना आवाज न्हाई. दुखणं कसं कळावं मला?"

"हाताला कळंल तुमच्या. चला ना."

कलीमने माझ्याकडे पाहिलं. मग मीटर उचलून तो जिना चढला.

वरचं मला दिसत नव्हतं. फक्त त्याचा आवाज यायचा, "ही पाट्यांची ओळ काढ. आता ती." बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "हे बघ. क्लॅम्प आवळताना वायरीची साल निघाली. रात्री पाऊस झाला, ओल धरली."

"माझीच चूक," आलिया म्हणाली.

"माझ्या हातून किती झाल्या, माझे अब्बू असते तर त्यांनी सांगितलं असतं. टेप नको लावू. नवी वायर ओढ."

साहेब आले, सही झाली. कलीम खाली आला. शिल्पाताईंचा माणूस माझ्याकडे निघाला होता, त्याला त्याने थांबवलं. "ह्याला मीच बंद करतो." त्याने डिझेलचा कॉक फिरवला. मी हळूहळू थांबलो आणि वर पंखे तसेच फिरत राहिले. मला वाईट वाटलं नाही. माझं काम कुणीतरी बिनधुराचं करत होतं.

आता बापलेक मिळून सोलरची कामं घेतात. मागच्या आठवड्यात देवणीला जाऊन आले.

एवढंच सांगणं आहे. उद्या मला चौघांनी उचला, चौकट लई जड आहे. कलीमला मात्र हात लावू देऊ नका. त्याची कंबर आधीच धरते, आणि परवा त्याला किनवटच्या आश्रमशाळेच्या छतावर चढायचं आहे.