विमान, सिंह आणि तीस टोपल्या

"तीस बायका? त्या कोठारात? मेतवल्ली, तीस सोड, तीन मांजरी जरी पाटी घेऊन बसल्या ना, तर ही मिशी उतरवीन!"

असं म्हणून बखीत किराणावाल्यानं मिशीला पीळ दिला. त्याच्या दुकानापुढच्या बाकावर चहा घेत बसलेले आम्ही सगळे टुणकन सरळ झालो. आमच्या नाईलकाठी पुरुषाची मिशी म्हणजे घराण्याचा झेंडा. ती कोणी पैजेवर लावत नाही.

"कुठं उतरवशील? घरी, दार लावून?" मी विचारलं.

"भर मंगळवारच्या बाजारात! पण नुसत्या बसून चालणार नाही. प्रत्येकीनं स्वतःचं नाव वाचून दाखवायचं. आणि तू हरलास तर?"

"तुझ्या गाढवावर उलटा बसून बाजार फिरेन. गाढवाला चालत असेल तर."

"न चालायला काय झालं? भाऊबंदच आहात तुम्ही."

शाझली न्हावी साक्षीदार झाला. तो लगेच बखीतच्या मिशीकडे असा बघायला लागला, जसा खाटीक ईदच्या आधी बोकडाकडे बघतो.

मला ही मस्ती सुचली ती माझ्या पुतणीमुळे. इन्शिराह तिचं नाव. शिकून आली आणि मोठ्या बायकांना लिहा-वाचायला शिकवते म्हणाली. सोसायटीचं जुनं धान्याचं कोठार तिनं मागून घेतलं. उंदरांना हुसकावलं, चटया घातल्या, फळा लावला. सोसायटीवाले म्हणाले, ठीक, पण येत्या मंगळवारपर्यंत तीस नावं दाखव, नाहीतर तिथं खताची पोती येतील. पोरीकडे नावं किती? पाच. त्यातली एक तिची आई, आणि ती पण झोपायला यायची.

"काका, त्यांना शिकायचंय हो," इन्शिराह म्हणाली. "पण आत शिरताना कोणी बघेल याची लाज वाटते. म्हणतात, सून हसेल, आता या वयात कुठं शाळा. तुम्ही निदान भिंत तरी रंगवून द्या. पुस्तक काढा, दिवा काढा, अक्षरं काढा. जरा हसरी दिसू दे."

रंगारी आहे मी. पण तीस वर्षं माझा हात एकच वाट चालतोय. गावात कोणी हज करून आलं, की त्याच्या घराच्या भिंतीवर मी विमान काढतो, जहाज काढतो, दारापाशी सिंह बसवतो. इन्शिराहसाठी पुस्तक काढलं, ते मातीच्या विटेसारखं दिसलं. दिवा काढला, तो कांदा झाला. मग म्हटलं, मरू दे. चुना फासला आणि हात नेईल तिकडं गेलो. झकास निळं विमान, प्रत्येक खिडकीत एकेक अक्षर. खाली जहाज. दाराशी सिंह, पंजात खडू. काबा मात्र काढला नाही. तेवढं पाप अंगावर घ्यायची माझी तयारी नव्हती.

बुधवारी सकाळी विमानाचं शेपूट रंगवत शिडीवर उभा होतो. खालून हाक आली.

"मेतवल्ली, कोण आलं रे हजहून?"

झन्नूबा मावशी. आख्ख्या वस्तीच्या टोपल्या विणणारी. डोक्यावर टोपली, टोपलीत साखर, वर स्वच्छ फडकं. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला! हाजी लोक नुकतेच परतत होते. भिंतीवर ताजं विमान दिसलं की साखर घेऊन मुबारकी द्यायला जायचं, ही आमची रीत. न गेलात तर जन्माचं वैर.

खरं सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडात ब्रश होता. म्हणजे, मी लगेच घातला. नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

मावशी आत गेली. तिच्या मागून दुसरी, मग चौघी. दुपारपर्यंत रांग! गल्लीच्या तोंडाशीच बायका जीभ हलवून आनंदाचा उलुलू करत येत होत्या. आत इन्शिराह भांबावलेली, पण घरी आलेल्याला कोरडं पाठवायचं नाही, म्हणून जास्वंदीचं लाल सरबत वाटत सुटली. आधीच्या पाचजणींच्या धरून तीस टोपल्या भिंतीशी लागल्या. एक जास्त नाही, एक कमी नाही. वरच्यालाही चेष्टा आवडते.

"अगं, पण हाजीण कुठाय?" शेवटी मावशीनं विचारलंच.

"कोणी नाही, मावशी," इन्शिराह हळूच म्हणाली. "ही शाळा आहे."

 मी शिडीवरून उतरून पळायच्या तयारीत.

"तो मेतवल्ली मरो!" मावशी कडाडली. मग खाली बसली. "आता आणलेली साखर परत नेऊ होय? अवदसा लागायची घराला. ओत त्या सरबतात. फारच आंबट केलंयस."

हसून हसून बायकांच्या ओढण्या सुटल्या. आणि माझी पुतणी माझ्यापेक्षा पक्की निघाली. म्हणाली, "टोपल्या रिकाम्या कशा परत देऊ? खजूर भरून ठेवते. उद्यापासून येऊन न्या." जाताना प्रत्येकीच्या हातात तिच्या नावाची चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक टोपलीला पुठ्ठा बांधलेला, पुठ्ठ्यावर नाव. टोपल्या सगळ्या मावशीच्या हातच्या, एकसारख्या. जिची तिनं नाव वाचून न्यायची.

आता बाईला घराबाहेर पडायला कारण मिळालं. "शाळेत जाते" म्हणायला जीभ अडते. "माझी टोपली आणायला जाते" म्हटल्यावर कोणाची सून हसेल? फळ्यावर नावं गिरवत बसायच्या, सरबत प्यायच्या. काही जणी तर मुद्दाम ओळखायच्या नाहीत. मावशीनं शुक्रवारी नाव घडाघडा वाचलं, पण टोपली उचलेना. "राहू दे इथंच. मग उद्या कशाला येऊ?"

सोमवारपर्यंत नाव वाचणाऱ्या एकोणतीस झाल्या. तिसावी टोपली कोणाची? नगफाची. म्हणजे बखीतच्या बायकोची! बखीतनं तिला पहिल्या दिवसानंतर उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"नवऱ्याची मिशी घालवायला निघालीस?" असं ओरडला म्हणे.

इन्शिराहचा चेहरा उतरला. खताची दोन पोती सोसायटीवाल्यांनी दाराशी आणून टाकली पण होती.

दुपारी ती नमाजाला गेली. मी शिडीवर सिंहाची आयाळ रंगवत होतो. बघतो तर बखीत! इकडं तिकडं बघत आत शिरला. बायकोची टोपलीच उचलून नेली की नगफाला यायला कारणच उरत नाही, असा त्याचा डाव. आठ-दहा टोपल्या उरल्या होत्या. त्यानं मिशी कुरवाळली. एक पुठ्ठा निरखला, दुसरा निरखला. मान डोलावली, जशी काही वर्तमानपत्रातली बातमीच वाचतोय. आणि मोठ्या रुबाबात एक टोपली उचलून घेऊन गेला.

मी तोंडात ब्रश घातला.

तासाभरानं गल्लीत मावशीचा आवाज. "चोर! माझी टोपली चोरली!"

मी बखीतच्या घराकडे बोट दाखवलं आणि तिच्या मागं धावलो. सगळी वस्तीच धावली. बखीत दारात उभा, टोपली पोटाशी धरून.

"माझ्या बायकोची आहे ही! नाव लिहिलंय बघ!"

"काय लिहिलंय?" मी विचारलं. "वाच की."

बखीतची मिशी थरथरली. मागून नगफा आली. हात पिठानं भरलेले. तिनं पुठ्ठा उलटा होता तो सुलटा केला आणि एकेका अक्षराखाली पिठाचं बोट फिरवलं.

"झन्‌... नू... बा." मग बाहीतून मळलेली चिठ्ठी काढली. सहा दिवस जपलेली. बाकीची अक्षरं शेजारणी रोज शाळेतून येता येता तिला शिकवून जायच्या म्हणे. "हे माझं नाव. नगफा. ही टोपली माझी नाही हो. द्या इकडं, मी बदलून आणते."

आणि टोपली डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या देखत कोठाराकडे निघाली. अडवणार कोण? चोरीचा माल परत करायला निघालेल्या बाईला कोणी अडवतं?

तीस!

मंगळवारी बाजाराच्या मधोमध, कलिंगडांच्या ढिगाशेजारी खुर्ची मांडली. खताची पोती सकाळीच उचलून नेली होती. शाझलीनं वस्तऱ्याला धार लावायला अर्धा तास घेतला, हरामखोरानं, गर्दी वाढावी म्हणून.

"अर्धीच काढ," बखीत पुटपुटला.

"तीन मांजरींना अर्धी गेली असती," मी म्हटलं. "तीस बायका आल्यात."

उजवी बाजू गेली. डावी गेली. वरचा ओठ असा दिसला, जसं बारा वर्षांनी कोणी तळघराचं दार उघडलंय. बायकांनी उलुलू केला. इन्शिराह हसता हसता डोळे पुसत होती.

बखीत उठायला लागला, तशी नगफा पुढं आली.

"थांबा जरा, हलू नका."

खडू काढून तिनं त्याच्या निळ्या पायघोळ झग्याच्या, गलाबियाच्या पाठीवर सावकाश, जीभ दातांत धरून, मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं: बखीत.

"हे काय आता?" तो मान वळवून वळवून बघायला लागला.

"आज ओळखू येत नाही तुम्ही," ती म्हणाली. "चुकून दुसरीच कोणी उचलून न्यायची."